अनावर झोपेमागे शरीराचीच संरक्षक यंत्रणा?

बोलता बोलता, जेवता जेवता झोपेचा अनावर झटका येणे, खळखळून हसताच गुडघ्यांतील बळ जाऊन कोसळणे, ही ‘नार्कोलेप्सी’ या दीर्घकालीन निद्राविकाराची प्रमुख लक्षणे. फ्रेंच वैद्य गेलिनो यांनी १८८० मध्ये त्याचे नामकरण केले. तरीही अशा रुग्णाची ‘कुंभकर्ण’ म्हणून आजही थट्टा होते आणि निदानाला अनेकदा काही वर्षे लागतात.

मेंदूच्या हायपोथॅलॅमस भागातील सुमारे ७० हजार चेतापेशी ‘हायपोक्रेटिन’ अर्थात ‘ऑरेक्सिन’ हे जागेपण टिकविणारे रसायन तयार करतात. अमेरिकी संशोधकांनी २००० मध्ये मृत रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा नेमक्या याच पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या आढळल्या. शेजारच्या पेशी मात्र शाबूत होत्या. एवढा निवडक विध्वंस कोण करणार? संशयाची सुई रोगप्रतिकारक यंत्रणेकडे वळली.

त्याला आनुवंशिक आधारही होता. शरीरातील ‘आपले’ आणि ‘परके’ यांची ओळख पटविणाऱ्या ‘एचएलए’ जनुकांपैकी एक विशिष्ट प्रकार, हसताना कोसळणाऱ्या ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत सापडतो. मात्र तो असंख्य निरोगी माणसांतही असतो. म्हणजे दारूगोळा जनुकांत, ठिणगी बाहेरची.

ती ठिणगी २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत दिसली. साथीनंतर बीजिंगमध्ये नव्या रुग्णांची संख्या वाढली. त्यांतील बहुतेकांनी लस घेतलेली नव्हती. फिनलंड व स्वीडनमध्ये २०१० मध्ये ‘पँडेमरिक्स’ लस घेतलेल्या मुलांमध्ये हा विकार वाढल्याचे लक्षात आले. ती लस आता वापरात नाही. स्वाइन फ्लूच्या इतर अनेक लशींबाबत असा ठळक संबंध आढळला नाही. त्यामुळे सरसकट सर्वच लशींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे ठरेल.

स्वित्झर्लंडमधील संशोधकांना २०१८ मध्ये रुग्णांच्या रक्तात हायपोक्रेटिनला लक्ष्य करणाऱ्या ‘टी’ पेशी आढळल्या. हा भक्कम दुवा असला, तरी त्याच पेशी मेंदूत संहार घडवितात, हे निर्विवाद सिद्ध झालेले नाही.

प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी भरवशाचा लाभ झालेला नाही. कारण लक्षणे दिसेपर्यंत बहुतेक पेशी नष्ट झालेल्या असतात. त्यामुळे मोडाफिनिलसारखी औषधे आणि दिवसा ठरावीक वेळी घेतलेली डुलकी यांवरच भर राहिला. ऑरेक्सिनचे काम करणाऱ्या नव्या गोळ्यांनी अलीकडच्या चाचण्यांत आशादायक परिणाम दाखविले आहेत. गमावलेल्या पेशी मात्र त्या परत आणत नाहीत.