‘बीट’ : एका इंग्रजी शब्दाचा नागझिऱ्याच्या अरण्यातील प्रवास

प्रस्तावना

इंग्रजी राजवटीसोबत मराठीत आलेल्या शब्दांचा विचार करताना आपले लक्ष बहुधा न्यायालय, शाळा, रेल्वे आणि टपाल या क्षेत्रांकडे जाते. अरण्याकडे ते क्वचितच वळते. वास्तविक वनखात्याची परिभाषा ही वसाहतकालीन शब्दव्यवहाराची एक समृद्ध खाण आहे. रेंज, राउंड, कूप, डेपो, कंपार्टमेंट हे शब्द विदर्भाच्या वनप्रदेशातील निरक्षर माणसाच्याही तोंडी सहज येतात. प्रस्तुत लेखात यांपैकी ‘बीट’ या अगदी लहानशा शब्दाची व्युत्पत्ती, त्याचे अर्थ आणि गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा अभयारण्याच्या संदर्भात त्याला आलेले ऐतिहासिक वजन यांचा विचार करावयाचा आहे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. भाजीच्या टोपलीतील तांबडे बीट हा निराळा शब्द आहे. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘बेटा’ या वनस्पतिनामात आहे. येथे अभिप्रेत असलेला शब्द जुन्या इंग्रजीतील ‘बेआतन’ या क्रियापदापासून आलेला असून त्याचा मूळ अर्थ मारणे, वारंवार प्रहार करणे असा आहे.

व्युत्पत्ती आणि अर्थविस्तार

प्रहार हा मूळ अर्थ पुढे अनेक दिशांनी पसरला. नगाऱ्यावरील थाप, हृदयाचा ठोका, संगीतातील मात्रा आणि प्रतिस्पर्ध्याचा पराभव हे सर्व अर्थ एकाच मुळाला फुटलेले आहेत. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेतील बंडखोर लेखकांच्या पिढीने हाच शब्द आपल्या नावात मिरविला. त्यांच्यापैकी ॲलन गिन्सबर्ग १९६२-६३ मध्ये भारतात हिंडत होता. पण तो विषय वेगळा.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा अर्थ म्हणजे ठरावीक माणसाने नेमाने फिरावयाचा ठरावीक टापू. पहारेकऱ्याच्या फेरीचा हा अर्थ इंग्रजीत १७३१ पासून आढळतो. जनावरांनी वारंवार ये-जा करून पाडलेली वाट, हा अर्थही त्याच दशकातला. मारण्याच्या क्रियेतून फिरण्याचा अर्थ कसा निघाला, याविषयी तीन तर्क मांडले जातात. पहिला, जमिनीवर पावलांचा होणारा आघात. दुसरा, शिकार उठविण्यासाठी झुडपे झोडपीत पुढे सरकणे. तिसरा, इंग्लंडातील खेडुतांची एक जुनी प्रथा : वर्षातून एकदा गावाच्या शिवेवरून मिरवणुकीने चालत जाऊन सीमेच्या दगडांवर छड्या मारणे, म्हणजे हद्द कोठवर आहे हे नव्या पिढीच्या लक्षात राहावे. या तिन्ही तर्कांपैकी एकाचीच निवड करण्याचा आग्रह धरण्याचे कारण दिसत नाही. पाऊल, शिकार आणि हद्द या तीनही गोष्टी या शब्दाने हिंदुस्थानच्या अरण्यात येताना सोबत आणल्या, आणि नागझिऱ्यात त्या तिन्ही एकत्र नांदल्या.

मराठीने हीच कल्पना स्वतंत्रपणे कशी घडविली, हे पाहण्यासारखे आहे. इंग्रजाची रुळलेली वाट ‘मारलेली’ असते. आपली ‘मळलेली’ असते. मळणे या क्रियापदाचे नाते संस्कृत ‘मृद्’ धातूशी, म्हणजेच मर्दनाशी आहे. खळ्यावरील मळणीही त्यातलीच. प्रदेश फिरून जाणून घेण्याला आपण मुलूख ‘पायाखाली घालणे’ म्हणतो. पहाऱ्यासाठी मात्र मराठीने फार्सीतून गस्त घेतली, आणि जागल्या व कोतवाल यांनी गावची राखण केली. परंतु त्यांचे क्षेत्र गाव हे होते. निर्मनुष्य रानाचे तुकडे पाडून एकेका तुकड्यावर एकेक पगारी माणूस नेमणे ही कल्पनाच नवी होती. म्हणूनच तिच्यासाठी शब्दही परका आला.

वनप्रशासनातील ‘बीट’

नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. त्या वेळी नागझिऱ्याचा परिसर भंडारा जिल्ह्यात मोडत असे. १८६४ मध्ये वनखाते अस्तित्वात येऊन डीट्रिच ब्रँडिस हे जर्मन वनशास्त्रज्ञ त्याचे पहिले महानिरीक्षक झाले. १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी सरकारी जंगलावरील राज्यसत्तेचा अधिकार उत्तरोत्तर पक्का केला. अधिकाऱ्यांचे शिक्षण तेव्हा जर्मनीत आणि फ्रान्समधील नान्सी येथे होत असे. झाडतोडीच्या पट्ट्याला आपण ‘कूप’ म्हणतो तो शब्द मूळचा फ्रेंच आहे, हे या संदर्भात ध्यानात घ्यावे. विहीर या अर्थाच्या संस्कृत ‘कूप’ शब्दाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

याच काळात अरण्याची उतरंड रचली गेली. सर्कलच्या पोटात डिव्हिजन, त्याच्या पोटात रेंज, मग राउंड आणि सर्वांत तळाशी बीट. नकाशावरील सत्ता ज्या ठिकाणी प्रत्यक्ष जमिनीला टेकते, ते हे एकक होय. वरच्या सर्व पायऱ्यांवर कागद चालतो. बीटवर माणूस चालतो. १८२९ मध्ये लंडनच्या पोलीस दलाची उभारणी झाली तेव्हा शिपायांना असेच टापू वाटून दिलेले होते. शहरातील चोरासाठी सिद्ध झालेली ही रचना अरण्यात आली, तेव्हा तिने चोर कोणाला ठरविले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. काल-परवापर्यंत ज्या रानातून सरपण, मोहफुले, तेंदूपाने आणि बांबू निस्तारासाठी आणले जात होते, त्याच रानात शिरणारा गोंड किंवा अन्य ग्रामस्थ आता कोणाच्या तरी बीटमध्ये शिरत होता. वनरक्षकाला या भागात ‘नाकेदार’ म्हणतात. त्या शब्दात नाका आहे, अडवणूक आहे. ‘बीट गार्ड’ या इंग्रजी नावापेक्षा लोकांनी दिलेले हे नाव अधिक बोलके आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

शब्दाचा दुसरा अर्थही याच रानात वावरत होता. इंग्रज शिकारी ज्याला ‘बीट’ म्हणत, त्याला आपण हाका म्हणतो. ढोल, डबे आणि आरडाओरडा यांच्या साह्याने जनावर उठवून मचाणावरील बंदुकीसमोर आणावयाचे. हाका घालणारी माणसे आसपासच्या गावांतून गोळा केली जात. बंदूक साहेबाची, झाड झोडपणारा हात गावकऱ्याचा. म्हणजे एका अर्थाने जो बीटमध्ये शिरल्याबद्दल गुन्हेगार ठरे, तोच दुसऱ्या अर्थाच्या बीटसाठी हवा असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा दुसरा अर्थ अरण्यातून हद्दपार केला. शिकारकथांच्या पुस्तकांत तो उरला.

नागझिरा : झऱ्यांचा प्रदेश आणि बीटांचा नकाशा

नागझिऱ्याला १९७० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारे १५३ चौरस किलोमीटर. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाची अधिसूचना निघाली. मराठी वाचकाला हे अरण्य व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘नागझिरा’ या पुस्तकामुळे आणि याच परिसरात वनाधिकारी म्हणून सेवा केलेल्या मारुती चितमपल्ली (निधन २०२५) यांच्या लेखनामुळे परिचित आहे.

या परिसरातील स्थलनामे पाहावीत. नागझिरा, पिटेझरी, मंगेझरी, उमरझरी, पोंगेझरा. झिरा, झरा, झरी. लोकांनी हा मुलूख पाण्यावरून ओळखला. उन्हाळ्यात पाणी कोठे टिकते, हीच येथील जुन्या भूगोलाची मूळ नोंद होती. वनखात्याच्या नकाशाने या नावांवर बीट आणि कक्ष क्रमांक यांची जाळी पसरली. पण बहुतेक ठिकाणी बीटला नाव द्यावयाची वेळ आली, तेव्हा जवळच्या गावाचे किंवा झऱ्याचेच नाव द्यावे लागले. परक्या चौकटीत देशी नाव बसले. सत्ता आणि स्थानिक ज्ञान यांच्यातील तडजोडीचे इतके छोटे आणि इतके स्वच्छ उदाहरण अन्यत्र शोधावे लागेल.

महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर १९६० मध्येच भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. शासनव्यवहारात बीटला ‘नियतक्षेत्र’, रेंजला ‘वनपरिक्षेत्र’ आणि सर्कलला ‘वनवृत्त’ हे पर्याय रूढ झाले. ‘नियतक्षेत्र’ हा प्रतिशब्द अर्थाच्या दृष्टीने निर्दोष आहे. नेमून दिलेला टापू ही कल्पना त्यात नेमकी आली आहे. मात्र त्यात पाऊल वाजत नाही. म्हणूनच कदाचित तो फलकावर आणि अहवालात राहिला, बोलण्यात बीटच टिकले. दरम्यान, या शब्दाने अरण्याबाहेरही बस्तान बसविले. बीट जमादार आणि बीट मार्शल पोलिसांत आहेत, शिक्षण विस्तार अधिकाऱ्याचे बीट असते, अंगणवाडी पर्यवेक्षिकेचे असते आणि वार्ताहराचेही असते. एका पिढीपूर्वी इंग्रजीचा गंधही नसलेल्या खेड्यातील शिक्षक आपले गाव कोणत्या बीटमध्ये येते हे अचूक सांगत असे.

२००६ पासून देशातील व्याघ्रगणना नव्या पद्धतीने होऊ लागली, तेव्हा या एककाला वैज्ञानिक महत्त्वही प्राप्त झाले. दर चार वर्षांनी होणाऱ्या या गणनेच्या पहिल्या टप्प्यात बीट हेच पाहणीचे मूळ एकक असते. वनरक्षक आपल्या बीटमध्ये पायी फिरून पाऊलखुणा, विष्ठा, ओरखडे नोंदवितो. राष्ट्रीय आकडा कितीही मोठा असो, त्याच्या तळाशी अशा पायपिटीची नोंद असते. ही पायपीट किती महाग पडू शकते, हे २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबात दिसले. तेथील कोलारा परिक्षेत्रात अशाच पायी पाहणीच्या कामावर असलेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडली. पर्यटकाला वाहनातून उतरण्यास मनाई आहे. वनरक्षकाला चालणे चुकत नाही.

जनावराची वाट हा शब्दाचा जुना अर्थ मात्र कोणत्याच नियतक्षेत्रात मावत नाही. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ हा वाघ २०१३ मध्ये शेतशिवारे व रस्ते ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात गेला आणि २०१६ मध्ये तेथूनही दिसेनासा झाला. त्याला शोधण्यासाठी माणसे निघाली ती बीटनिहाय. प्रत्येकाने आपापली हद्द तपासली, आणि त्या हद्दींच्या मध्ये कोठेतरी जयची वाट हरवली.