जोहाराला उत्तर काय?

आपल्या सभांच्या शेवटी आभारप्रदर्शन असतं. आमच्या करकंबला आभार मानायला कुणी उभं राहिलं की म्हातारी माणसं चपला शोधायला लागतात. 'आभार' हा शब्द स्टेजवरचा. वस्तीत कुणी कुणाचे आभार मानत न्हाय. एखाद्या शिकलेल्या पोरानं मानलेच तर उत्तर येतं, "आभार कशाचं रं? असू दे."

मुलूख बदलला की हे उत्तर बदलतं. अक्कलकोटच्या बाजूचा कन्नड बोलणारा 'परवागिल्ला' म्हणून मोकळा होतो. निजामाच्या राज्यात राहिलेल्या मराठवाड्यात 'शुक्रिया'ला 'कोई बात नहीं' म्हणणारे भेटतात. गोव्यात तर आभारच 'देव बरें करूं' असे मानतात. म्हणजे फेडायचं काम देवावर सोडलं, दोघंही सुटले. शब्द निराळे, पण सांगणं एकच : तुझ्या डोक्यावर ओझं न्हाय.

पण एकाच गावात गावकुसाच्या आत एक उत्तर आणि बाहेर दुसरं, हा फरक मुलखाचा न्हवे. तो जातीचा. मला बोलायचंय ते ह्यावर.

आमच्या आज्ज्या-पणज्यांचा शब्द होता जोहार. पंढरपूर आम्हाला जवळ. तिथं महाद्वारापाशी, देवळाच्या बाहेर, चोखोबाची समाधी आहे. त्याच्या अभंगांतही जोहार आहे. महारानं तराळकी करायची, वेशीवर रात्र जागायची, सरकारी निरोप पोचवायचा, मेलेलं ढोर ओढायचं. ह्या सगळ्याचा मोबदला म्हणजे बलुतं आणि भाकरी. सरळ मजुरीच ती. पण ती घ्यायची कशी? दारापासून लांब उभं राहून, 'जोहार मायबाप' म्हणून. आणि उत्तर? जोहाराला जोहार कधी आला न्हाय. 'असू दे, त्यात काय' तर लांबच. वरून भाकरी पडायची, तेच उत्तर. ज्याच्याकडं आपलं येणं आहे त्यालाच हात जोडायला लावले की येणं बुडतं आणि उपकार तेवढा उरतो. गावगाड्याची सगळी हातचलाखी ह्यात आहे.

कुणी कुणाला काय म्हणायचं ह्यावर तर राजसत्ता बसलेली होती. 1779 साली मुंबईच्या सोनारांनी 'नमस्कार' हा शब्द वापरू नये असा हुकूम कंपनी सरकारनं काढला. तो शब्द ब्राह्मणांचा, म्हणून पेशवे दरबाराची तक्रार. सोनाराची ही गत, मग आपली काय सांगावी?

1927 च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा, शिळ्या भाकरीचे तुकडे मागू नका. लगेच 1928 साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं. बलुत्याच्या जागी रोख पैसा ठरावा, हा त्यातला एक मुद्दा. मला तो पैशापेक्षा भाषेचा वाटतो. रोख पगार घेणाऱ्याला मायबाप म्हणावं लागत न्हाय. ते बिल पास झालं न्हाय. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा 1958 साली झाला, तोवर बाबासाहेब गेले होते.

मधल्या काळात विदर्भातून 'जय भीम' आला. कामठीच्या बाबू हरदासांनी तो रूढ केला असं मानतात. ह्या शब्दाची गंमत अशी की त्याचं उत्तर तोच शब्द. म्हणणारा वर न्हाय, ऐकणारा खाली न्हाय. आमच्या वस्तीत आता आभाराच्या जागीही तोच चालतो. कुणी दवाखान्यात सोबत आलं, फॉर्म भरून दिला, की निघताना जय भीम. समोरूनही जय भीम. झालं, हिशोब मिटला.

आणि तरी चौकात फ्लेक्स लागतात : घरकुल मंजूर केल्याबद्दल साहेबांचे जाहीर आभार. खाली हात जोडलेले फोटो आपल्याच पोरांचे. गेल्या साली आमच्या गल्लीत असाच घाट घातला, तवा माझी चुलती म्हणाली, "घर सरकारी पैशाचं, त्यो पैसा आपलाबी हाय. मग ह्येला जोहार कशापायी?" पोरं हसली. फ्लेक्स लागला. मी वर्गणी दिली न्हाय.