मार्ग मोकळा आहे काय?



वैभववाडी हें सह्याद्रीच्या पायथ्याचें गांव. करूळ आणि भुईबावडा हे घाट येथून गगनबावड्याकडे चढतात, आणि १९९८ सालीं पुरी झालेली कोंकण रेल्वे याच तालुक्यांतून जाते. या भागांत ती एकेरी आहे. जाणाऱ्या व येणाऱ्या गाड्यांना रूळ एकच. म्हणून पुढच्या स्थानकानें मार्ग मोकळा असल्याची ग्वाही दिल्यावांचून मागील स्टेशनमास्तर गाडी सोडीत नाहीं. गणपतीच्या दिवसांत मुंबईहून जादा गाड्या सुटूं लागल्या म्हणजे या नियमाचें मर्म चाकरमान्यांना पुरतें कळतें. मार्गावर एक गाडी अधिक घेतली, कीं उशीर तिला एकटीलाच होत नाहीं. तो सगळ्यांच्याच वांट्याला येतो.

परंतु ही ग्वाही कशाची असते? पुढें दुसरी गाडी नाहीं, एवढ्याचीच. २२ जून २००३ च्या रात्रीं कारवारहून मुंबईकडे निघालेली एक जादा गाडी वैभववाडीजवळ, दरड कोसळून रुळांवर आलेल्या दगडमातीमुळें घसरली आणि पन्नासांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. डोंगर खालीं आला आहे, हें गाड्यांच्या नोंदवहींतून कळण्यासारखें नसतें. आज पावसाळ्यांत येथें वेळापत्रक निराळें असतें, पर्जन्यमापकें पाऊस मोजतात, गस्तवाले रुळांवरून फिरतात. कोणाला आंत सोडलें याची नोंद ठेवणें निराळें, आणि प्रत्यक्ष मार्ग तपासणें निराळें.

संदेशवहनाच्या इतिहासांत हाच भेद दुसऱ्या वाटेनें पुढें आला. टेलिफोनचें काम सरळ होतें. दोघांच्या संभाषणाकरितां मार्ग राखून ठेवलेला असे, आणि तो शिल्लक नसला तर नकार मिळे. असे नकार किती मिळतील, हें काढण्याचें सूत्र डेन्मार्कमधील गणितज्ञ एर्लांग यांनीं १९१७ सालीं प्रसिद्ध केलें. इंटरनेटला मात्र नकार ठाऊकच नव्हता. तेथें संदेशाचे तुकडे होतात, टपालाच्या पाकिटांप्रमाणें ते नाक्यानाक्यांवरून पुढें जातात, आणि कोणासहि मज्जाव नसतो. धर्मशाळाच म्हणावयाची! तिचें व्हावयाचें तेंच झालें. ऑक्टोबर १९८६ मध्यें कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें, अवघ्या चारशें यार्डांच्या अंतरावरील दोन संस्थांमधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. व्हॅन जेकबसन यांनीं १९८८ सालीं उपाय सांगितला: धाडणाऱ्यानें पोंच कशी येते तें पाहावें, आणि त्या मानानें आपला हात आखडावा.

पत्राला हें चालतें. बोलण्याला चालत नाहीं. अर्ध्या वेगानें पोंचलेलें वाक्य हें वाक्यच नव्हे. तेव्हां गर्दीच्या वेळीं नव्या संभाषणाला दारांतच अडविणें आलें. पण अडवावें कोणीं? १९९७ सालीं ठरलेल्या एका पद्धतीप्रमाणें वाटेवरील प्रत्येक नाक्याला अगोदर विचारावयाचें, आणि प्रत्येकानें जागा राखून ती आपल्या वहींत लिहावयाची. ही थेट स्टेशनमास्तरांची रीत. ती चोख खरी. पण ज्या नाक्यावरून एकाच वेळीं लक्षावधि संभाषणें जातात, त्यानें वही लिहावी तरी किती?

म्हणून २००० च्या सुमारास कांहीं संशोधक जासुदांच्या कल्पनेकडे वळले. संभाषण सुरू होण्यापूर्वीं, त्याच वेगानें, कांहीं रिकामीं पाकिटें पुढें पाठवावयाचीं. किती पोंचलीं आणि किती वाटेंत हरवलीं, एवढें पलीकडच्या टोकानें मोजावयाचें. हानि ठरलेल्या मर्यादेच्या आंत असेल तर प्रवेश, नाहीं तर माघार. मधल्या नाक्यांनीं कोणाचीहि आठवण ठेवावयास नको. ब्रेस्लाउ, नाइटली, शेंकर, स्टोइका आणि झँग यांनीं २००० सालीं या कल्पनेच्या निरनिराळ्या रूपांची परीक्षा केली. तींत दिसलेला एक दोष मोठा लक्षांत राहण्यासारखा आहे. एकाच वेळीं फार जासूद निघाले, तर त्यांचीच गर्दी होते. प्रत्येकाला मार्ग भरलेला दिसतो, आणि खरीं संभाषणें थोडींच चालू असतांहि सगळे बाहेर राहतात. चांचणीचा वेग हळूहळू वाढविला तर हा दोष पुष्कळ कमी होतो. मात्र चांचणीला कांहीं सेकंद लागतातच, आणि तेवढा वेळ बोलणारा ताटकळतो.

जासुदांची ही पद्धत जशीच्या तशी सर्वत्र रूढ झाली नाहीं. टोकाला बसून मोजण्याचें तत्त्व मात्र टिकलें. आज वैभववाडींतील एखादी आजी मुंबईच्या नातवाशीं व्हिडिओ कॉलवर बोलते, तेव्हां तिचा फोन हरवलेल्या पाकिटांचा हिशेब ठेवून तो पलीकडे कळवीत असतो. मार्ग अरुंद झाला, कीं नातवाकडील फोन संभाषण न तोडतां चित्र अंधुक करतो. आजीला नातू नीटसा दिसत नाहीं, पण ऐकूं येत राहतो.