पायाचे अंगठे बघण्याचा व्यायाम

उताणं झोपायचं, खांदे न उचलता फक्त डोकं वर करून पायाचे अंगठे बघायचे. पक्षाघातानंतर घास गिळता येईनासा झालेल्या काही रुग्णांना हा व्यायाम देतात. गिळण्याच्या त्रासाला मानेचा व्यायाम कशाला, असं घरच्यांना वाटणं साहजिक आहे.

अन्ननलिकेच्या तोंडाशी स्नायूंचं कडं असतं, एरवी आवळलेलं. घास आला की ते सैल पडतं. पण तेवढ्याने वाट मोकळी होत नाही. हनुवटीखालचे छोटे स्नायू हायॉइड हाड आणि त्यासोबत स्वरयंत्र वर आणि पुढे ओढतात, तेव्हा ते कडं खेचलं जाऊन उघडतं. ही ओढ कमी पडली की घासातलं काही घशात साचतं आणि श्वासनलिकेत उतरतं. अमेरिकेत मिलवॉकीच्या मेडिकल कॉलेज ऑफ विस्कॉन्सिनमधल्या संशोधकांनी ही यंत्रणा 1989 साली उलगडून दाखवली. तिथल्याच डॉ. रझा शाकेर यांनी त्यातून उपचार घडवला. कडं जर स्नायूंच्या ओढीने उघडत असेल, तर दंडासारखी या स्नायूंनाही तालीम देता येईल. मान उचलताना तेही राबतात.

तोवर भर मुख्यतः सांभाळून घेण्यावर होता: हनुवटी खाली झुकवून गिळा, पातळ पदार्थ दाट करून घ्या. ठसका त्याने टळतो, स्नायूचं बळ मात्र वाढत नाही.

शाकेर यांनी मात्रा ठरवली. एकेक मिनिट डोकं उचलून धरायचं, असं तीनदा, मध्ये मिनिटभर विश्रांती. मग सलग 30 वेळा उचलायचं. हे दिवसातून तीनदा, सहा आठवडे. 1997 साली निरोगी वृद्धांमध्ये कडं जास्त उघडू लागल्याचं दिसलं. 2002 साली नळीने अन्न घेणाऱ्या 27 रुग्णांचा अभ्यास आला. त्यातल्या काहींना आधी नुसता नावापुरता व्यायाम दिला होता. त्याने फरक पडला नाही. खरा व्यायाम केल्यावर रुग्ण पुन्हा तोंडाने जेवू लागले. माझ्या मते या कुळकथेतला सर्वांत मोलाचा भाग हाच, कारण नळी निघणं म्हणजे माणूस पुन्हा पंगतीत बसणं.

अडचण एकच, पण मोठी. हनुवटीखालच्या स्नायूंआधी मानेच्या बाजूचे स्नायू थकतात, आणि मानेचं दुखणं असलेल्यांना हे झेपतच नाही. म्हणून 2014 साली सिंगापूरच्या संशोधकांनी बसल्या बसल्या हनुवटीखाली रबरी चेंडू दाबण्याची पद्धत तपासली. लक्ष्य त्याच स्नायूंवर, मानेवरचा भार कमी.