साखर कारखान्यातलं सेंट्रिफ्यूगल कॉम्प्युटरवर ‘आधीपासून फिरतं’ कसं ठेवतात?

सांगली जिल्ह्यात उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की कारखान्यांतली सेंट्रिफ्यूगल मशीन रात्रंदिवस फिरू लागतात. उकळून घट्ट झालेल्या पाकात साखरेचे दाणे आणि मळी एकत्र असतात. जाळीदार बास्केट वेगानं फिरली की मळी बाहेर फेकली जाते आणि साखर आत राहते.

या बास्केटला फिरताना तडा गेला तर? तुकडे बाहेरच्या आवरणात अडकतील, की ते फोडून शेजारच्या कामगारापर्यंत पोहोचतील? खऱ्या मशीनवर हे तपासणं महाग आणि धोक्याचं असतं. म्हणून एलएस-डायना किंवा अबॅकससारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं सिम्युलेशन करता येतं.

मशीन शून्यापासून का सुरू करत नाहीत?

तुटण्याची घटना काही मिलिसेकंदांत संपते. सॉफ्टवेअरही वेळ अगदी बारीक तुकड्यांत मोजतं, साधारण सेकंदाचा दहा लाखावा भाग किंवा त्याहून कमी. मशीनला पूर्ण वेग घ्यायला 30 सेकंद लागत असतील, तर फक्त तेवढ्यासाठी 3 कोटी पायऱ्या मोजाव्या लागतील. त्यापेक्षा बास्केट आधीच फिरते आहे, असं सांगून सुरुवात करणं सोपं. यालाच सुरुवातीची कोनीय गती म्हणतात.

भोवऱ्याची दोरी सुटते तो क्षण आठवा. त्यानंतर भोवरा स्वतःच्या जोरावर फिरतो. सुरुवातीची गती म्हणजे तेवढंच. मोटर सतत फिरवत ठेवते तो प्रकार वेगळा. तो निवडला तर बास्केट तुटली, आवरणाला घासली, तरी सॉफ्टवेअर तिला जबरदस्तीनं त्याच वेगानं फिरवत राहतं. नवशिक्यांचा गोंधळ बहुधा इथेच होतो.

काय काय सांगावं लागतं?

आस, तिच्यावरचा एक बिंदू, फिरण्याची दिशा आणि वेग. मग सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदूला आसेपासूनच्या अंतराच्या प्रमाणात वेग देतं. उदाहरणादाखल 1.2 मीटर व्यासाची बास्केट मिनिटाला 1200 फेरे घेते असं धरू. कडेचा वेग निघतो सेकंदाला सुमारे 75 मीटर, म्हणजे ताशी 270 किलोमीटर!

सॉफ्टवेअरला साधारणपणे फेरे नाही, रेडियन प्रति सेकंद हवे असतात. 1200 फेऱ्यांचे होतात 125.7. कोणी तिथे थेट 1200 लिहिलं तर वेग साडेनऊ पट आणि ताण तब्बल 91 पट होतो. आस 2 मिलिमीटर सरकली तरी अख्ख्या बास्केटला सेकंदाला पाव मीटरचा आडवा धक्का मिळतो.

सगळं बरोबर भरूनही उत्तर का चुकतं?

फिरणारी बास्केट खरं तर आधीच ताणलेली असते. वरच्या उदाहरणात बास्केटऐवजी स्टीलचं साधं, रिकामं कडं घेतलं, तरी त्यात सुमारे 45 मेगापास्कल ताण असतो आणि त्याची त्रिज्या 0.13 मिलिमीटरनं वाढलेली असते. आपण फक्त वेग दिला आणि हा ताण दिला नाही, तर पहिल्याच क्षणी कडं बाहेर झेपावतं, गरजेपेक्षा जास्त ताणलं जातं, परत आत येतं. अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत ताण जवळपास दुप्पट, म्हणजे 90 मेगापास्कलच्या घरात जातो. हा धक्का खऱ्या मशीनमध्ये नसतोच. पण त्या खोट्या धक्क्यानं कॉम्प्युटरवर तडा वाढू शकतो आणि निष्कर्ष भलताच निघतो.

उपाय दोन टप्प्यांचा. आधी केंद्रोत्सारी बल लावून बास्केट शांतपणे ताणून घ्यायची, मग तिला गती द्यायची. एलएस-डायनामध्ये पहिल्या टप्प्यासाठी ‘डायनॅमिक रिलॅक्सेशन’ची सोय आहे.

अर्थात प्रत्येक वेळी एवढा खटाटोप लागत नाही. किर्लोस्करवाडीत 1910 पासून कारखानदारी आहे आणि तिथले पंप प्रसिद्ध आहेत. अशा पंपाचा इम्पेलर ठरलेल्या वेगावर किती ताण सोसतो, एवढंच पाहायचं असेल तर केंद्रोत्सारी बलाचं स्थिर गणित पुरतं. धडक, तुटणं किंवा अचानक थांबणं असेल तेव्हाच सुरुवातीची गती हवी.

गती नीट बसली का, हे तपासायला पहिल्या पायरीवरची गतिज ऊर्जा बघावी आणि हातानं काढलेल्या आकड्याशी ताडून घ्यावी. कडेचं वजन 100 किलो धरलं तर ती सुमारे 2 लाख 84 हजार ज्यूल येते. 100 किलोचं वजन 290 मीटर उंचीवरून खाली आल्यावर जेवढी ऊर्जा असते, तेवढी. तुकडे सुटले तर बाहेरच्या आवरणाला तोंड द्यायचं असतं ते याच ऊर्जेला.