युरिन कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस का लागतात?

लघवीला जळजळ, अंगात ताप, आणि डॉक्टरांनी ‘युरिन कल्चर’ लिहून दिलंय. शुगरचा रिपोर्ट संध्याकाळपर्यंत येतो, मग यालाच दोन-तीन दिवस का? लॅबवाले टोलवतात असं वाटू शकतं. पण इथे वाट बघावी लागते ती जंतू वाढण्याची.

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू म्हणजे नुसते ठिपके किंवा काड्या. तेवढ्यावरून नाव सांगता येत नाही. म्हणून लघवीचा अंश पेट्री डिशमधल्या खाद्यावर पसरवून रात्रभर ३७ अंश सेल्सियसला ठेवतात. हे खाद्य घट्ट होतं अगर-अगरमुळे, म्हणजे आपण पुडिंगसाठी आणतो तेच चायना ग्रास! १८८१ च्या सुमारास जर्मनीत वॉल्टर हेसे यांचं जिलेटिन उन्हाळ्यात वितळून जायचं, तेव्हा त्यांची पत्नी फॅनी यांनी स्वयंपाकघरातला हा पदार्थ सुचवला. तो आजतागायत बदललेला नाही.

दुसऱ्या दिवशी डिशवर ठिपक्यांएवढ्या वसाहती दिसतात. त्या मोजून एक मिलिलिटर लघवीत किती जंतू होते याचा अंदाज घेतात. साधारण एक लाख किंवा जास्त असतील, तर बहुतेक वेळा संसर्ग खरा मानतात.

आता ओळखपरेड. पहिली पायरी ग्रॅम स्टेनची. हान्स ख्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने १८८४ साली ही पद्धत मांडली, आणि ती अजून अपुरी आहे असंही स्वतःच लिहून ठेवलं! आधी जांभळा रंग, मग आयोडिन, मग अल्कोहोलने धुणे. जाड भिंतीचे जंतू जांभळेच राहतात, ते ग्रॅम पॉझिटिव्ह. पातळ भिंतीचे रंग सोडतात आणि नंतर दिलेला गुलाबी रंग घेतात, ते ग्रॅम निगेटिव्ह. हा फरक नुसता रंगाचा नाही. ग्रॅम निगेटिव्ह जंतूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं, व्हॅन्कोमायसिनसारखं औषध ते आत शिरूच देत नाही.

लघवीच्या संसर्गात बहुतेकदा सापडतो तो ई. कोलाय, ग्रॅम निगेटिव्ह. मॅकॉन्की अगर नावाच्या खाद्यावर तो दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, आंबवून गुलाबी होतो. पण क्लेबसिएलाही गुलाबीच होतो. मग? जंतूंच्या द्रावात एक रसायन टाकतात. ई. कोलाय असेल तर वर लाल कडं येतं. क्लेबसिएला न्यूमोनिए असेल तर येत नाही. शिवाय क्लेबसिएलाच्या वसाहती चिकट, बुळबुळीत असतात. मोठ्या रुग्णालयांत आता वसाहतीवरून काही मिनिटांत नाव सांगणारी यंत्रं आहेत, पण वसाहत मुळात वाढावी लागतेच.

नाव कळलं तरी काम संपत नाही. एकाच नावाचे दोन जंतू एकाच औषधाला वेगवेगळी दाद देतात. म्हणून डिशवर अँटिबायोटिकच्या छोट्या चकत्या ठेवतात आणि पुन्हा एक रात्र जाते. चकतीभोवती पुरेसं मोठं मोकळं वर्तुळ पडलं तर रिपोर्टवर ‘एस’, म्हणजे औषध चालेल. ‘आर’ म्हणजे चालणार नाही.

आता आपल्या हातून होणारी गडबड. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेऊन मग नमुना दिला, तर जंतू दबतात आणि ‘नो ग्रोथ’ असा रिपोर्ट येऊ शकतो, आजार असूनही! नमुना आधी द्या, औषध डॉक्टर सांगतील तसं नंतर घ्या. वाट बघण्याइतका वेळ नसेल तर नमुना घेतल्याबरोबर डॉक्टर अंदाजाने औषध सुरू करतात, रिपोर्ट आल्यावर गरज पडली तर बदलतात. घेत असलेली गोळी लॅबला आवर्जून सांगा.

लघवीची सुरुवातीची धार सोडून मधली धार लॅबच्या निर्जंतुक डबीत घ्या. नाहीतर त्वचेवरचे जंतू मिसळतात, रिपोर्टवर ‘मिक्स्ड ग्रोथ’ येतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.