संपलेल्या कथेचा शेवट

क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कथेचा लेखक वाचकांशीं एक अलिखित करार करीत असतो. वाचकांनीं पुढील अंकाची वाट पाहावी आणि लेखकानें त्यांस मध्येंच टाकून जाऊं नये, असा तो करार. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' पत्रांतून प्रकरणाप्रकरणानें वाचणाऱ्या पिढीस हा करार चांगला परिचित होता. इंग्रजींत डिकन्सनें तो तीस वर्षांहून अधिक काळ इमानानें पाळला. १८७० सालीं 'एड्विन ड्रूड'चे बारांपैकीं सहाच भाग लिहून झाले असतां तो वारला. मृत्यूनें मोडलेल्या कराराबद्दल कोणी कोणास दोष देत नाहीं. परंतु कथा सांगणारा जिवंत आहे, ऐकणारे बसलेले आहेत, आणि ज्याच्या ओसरीवर कथा चालली आहे त्या घरधन्यानेंच दिवा मालवला, तर काय करावें? दूरचित्रवाणीच्या काळांत हा प्रश्न वारंवार उद्भवला. मालिका बंद पडल्यावर तिची समाप्ति करणारा पूर्ण लांबीचा चित्रपट, हें त्याला अमेरिकेंत मिळालेलें एक उत्तर होय. त्याचाच थोडा इतिहास येथें सांगावयाचा आहे.

तिकडील रीति अशी कीं, वाहिनी मालिकेला एकेका वर्षापुरता आश्रय देते. मालिका जितकी जुनी, तितकें नटांचें वेतन चढत जातें. प्रेक्षक मात्र हळूहळू घटत जातात. आणि एके दिवशीं हिशेब जुळेनासा होतो. विज्ञानकथेच्या मालिकांना हा रोग अधिक लवकर जडतो, कारण परग्रह उभे करण्यास पैसा लागतो. 'स्टार ट्रेक' ही मालिका १९६६ सालीं सुरू झाली आणि १९६९ सालीं, कोणताहि शेवट न होतां, थांबली. पुढें १९७९ पासून तिचे चित्रपट निघूं लागले, आणि १९९१ च्या सहाव्या चित्रपटांत त्या जुन्या नटसंचानें निरोप घेतला. मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी त्याच वर्षीं, चित्रपट प्रकट होण्याच्या सुमारें सहा आठवडे आधीं, निवर्तला. त्या चित्रपटाच्या अखेरीस तारांगणावर सातहि प्रमुख नटांच्या स्वाक्षऱ्या उमटतात. पंचवीस वर्षांच्या परिचयानंतर पत्राखालीं सही करावी, तसें तें वाटतें.

'फारस्केप'चें प्रकरण याहून तीव्र होतें. ऑस्ट्रेलियांत तयार होणारी ही मालिका चौथ्या वर्षाअखेर बंद करण्याचें सायफाय वाहिनीनें २००२ च्या सप्टेंबरांत ठरविलें. २००३ च्या मार्चमध्यें दाखविलेल्या अखेरच्या भागांत नायक-नायिका विवाहाचें ठरवितात न ठरवितात तोंच त्यांचे देह स्फटिकांचे तुकडे होऊन विखुरतात, आणि कथा तेथेंच तुटते! प्रेक्षकांनीं पत्रांचा भडिमार केला. अखेर २००४ च्या ऑक्टोबरांत ब्रायन हेन्सन यानें दिग्दर्शित केलेलें दोन रात्रींचें समापन दाखविण्यांत आलें. ऐकणाऱ्यांनीं हट्ट धरून मालवलेला दिवा पुन्हा लावून घेतल्याचा हा प्रसंग आम्हांस मोठा हृद्य वाटतो.

परंतु या सर्वांत अधिक विचार करण्याजोगें उदाहरण 'स्टारगेट एस्‌जी-१' या मालिकेचें आहे. तिचा उगमच मुळीं चित्रपटांत. १९९४ सालीं रोलंड एमरिक यानें 'स्टारगेट' हा चित्रपट काढला. इजिप्तमध्यें गिझा येथें १९२८ सालीं उत्खननांत एक प्रचंड कडें सांपडतें. तें दूरच्या ग्रहावर क्षणांत नेणारें द्वार असतें. आणि त्या ग्रहावर मनुष्यांनीं ज्याला देव मानिलें आहे तो वस्तुतः एक जुलमी परग्रहवासी असतो, अशी कल्पना. तिच्या आधारें ब्रॅड राइट आणि जोनाथन ग्लास्नर यांनीं १९९७ सालीं मालिका सुरू केली. ती दहा वर्षें चालली आणि तिचे २१४ भाग झाले.

या मालिकेचा शेवट करण्याचे प्रयत्न आधींहि झाले होते. सातव्या वर्षाअखेरची कथा मूळ चित्रपटासाठीं योजिलेली होती. मालिका चालूच राहिल्यामुळें २००४ सालीं ती दोन भागांत दाखविण्यांत आली. आमच्या मतें खरी कथा आठव्या वर्षींच संपली. त्या वर्षीं खोट्या देवांचें साम्राज्य कोसळलें आणि त्यांचे पिढीजात दास असलेले जाफा योद्धे स्वतंत्र झाले. नवव्या वर्षापासून 'ओराय' नांवाचे नवे, अधिक बलाढ्य देव आणून कथेला दुसरा जन्म देण्यांत आला, आणि तो पुरता वाढीला लागण्यापूर्वींच, २००६ च्या ऑगस्टांत, दोनशेंव्या भागाचा उत्सव झाला न झाला तोंच मालिका बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. शेवटच्या भागाचें नांवच 'न संपणारें' अशा अर्थाचें होतें. त्यांत नायकमंडळी एका नौकेंत पन्नासांहून अधिक वर्षें अडकून म्हातारी होतात आणि मग काळ उलटा फिरवून सुटतात. भाग सुंदर आहे. पण ओरायांचें युद्ध त्यांत तसेंच लोंबकळत राहिलें.

तें मिटविण्यासाठीं २००८ च्या मार्चमध्यें 'द आर्क ऑफ ट्रूथ' हा चित्रपट आला. तो चित्रगृहांकरितां नव्हता. तो एकदम तबकडीवर विक्रीस आला. वाहिनीनें दार लावलें तेव्हां निर्मात्यांनीं प्रेक्षकांच्या घरींच माल पोंचविला, असें म्हणावयाचें. आम्हीं ती तबकडी घरीं मुलांबाळांसह पाहिली. मुलें अंतराळांतील युद्धांत रमलीं. आम्ही मात्र एका शंकेंत अडकलों, ती आजतागायत सुटलेली नाहीं.

या चित्रपटांत एक पेटी आहे. ती उघडून तिच्या प्रकाशाकडे जो पाहील त्याला सत्य पटतें. म्हणजे ओराय हे देव नव्हेत, हें त्याच्या मनांत बिंबतें. ही पेटी घडविणारे प्राचीन लोक स्वतःच ती वापरण्याचें नाकारतात, कारण मनुष्याचें मत असें यंत्रानें फिरविणें त्यांना अधर्म वाटतो. ओरायांच्या छळापुढें ते देशत्याग करतात, पण पेटी उघडीत नाहींत. चित्रपटाचा आरंभच या उदात्त प्रसंगानें होतो. आणि शेवट? शेवटीं पेटी उघडली जाते, ओरायांच्या मुख्य पुरोहिताला तें सत्य क्षणांत पटतें, त्याच्याशीं मनानें जोडलेल्या दुसऱ्या पुरोहितांनाहि पटतें, आणि युद्ध संपतें! पहिल्या दहा मिनिटांत उभा केलेला आक्षेप अखेरच्या दहा मिनिटांत कोणाला विशेष बोंचत नाहीं.

हें सत्यच आहे ना, मग तें पटविण्यांत पाप कोणतें, असें कोणी म्हणेल. कथेंतील डॅनियल जॅक्सन या विद्वानाचीहि भूमिका जवळजवळ अशीच आहे. परंतु याच मालिकेनें पहिलीं आठ वर्षें काय दाखविलें होतें? टील्क नांवाचा जाफा योद्धा आपल्या देवाची चाकरी सोडतो तो कोणत्याहि प्रकाशानें दिपून नव्हे. तो पाहतो, शंकतो, लाजतो, आणि सर्वस्व पणाला लावून बाहेर पडतो. त्यानंतर एकेका बांधवाला समजावितां समजावितां त्याची वर्षें जातात. त्याला देशद्रोही म्हणतात, बायकामुलांची ताटातूट होते, जवळचीं माणसें मरतात. एका समाजाची खोटी श्रद्धा गळून पडण्यास आठ वर्षें लागली, हाच त्या मालिकेचा सर्वांत खरा भाग होता. दुसऱ्या समाजाची श्रद्धा मात्र एका झगझगाटांत गेली. लेखक-दिग्दर्शक रॉबर्ट कूपर यांस हा भेद दिसला नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांच्या हातीं १०० मिनिटें होतीं, आणि जें काम एका संपूर्ण वर्षाचें होतें तें तेवढ्यांत उरकावयाचें होतें. पेटी कथेच्या गरजेंतून आली नाहीं, घाईंतून आली.

दुसरा चित्रपट 'कंटिन्यूअम' त्याच वर्षीं जुलैमध्यें आला. त्याच्यावर कोणतेंहि ऋण नव्हतें, आणि त्यामुळेंच कीं काय तो सरस उतरला. राइटची कथा आणि मार्टिन वुडचें दिग्दर्शन. यांत बाल नांवाचा शत्रु १९३९ सालांत जाऊन द्वार अमेरिकेस नेणारें जहाजच बुडविण्याचा घाट घालतो. परिणामीं मालिकेंत घडलेलें सारें नाहींसें होतें, आणि नायकमंडळी आपल्याला न ओळखणाऱ्या जगांत येऊन पडतात. उत्तर ध्रुवसमुद्रावरील दृश्यांसाठीं कांहीं नट व तंत्रज्ञ २००७ च्या मार्चमध्यें अमेरिकन आरमाराच्या हिमतळावर प्रत्यक्ष राहिले, आणि 'अलेक्झांड्रिया' ही खरी पाणबुडी बर्फ फोडून वर आलेली आपण पाहतों. पण आमच्या मनांत राहिला तो चौकशीचा प्रसंग. मंडळी विनवितात, 'हा काळ चुकीचा आहे, आम्हांला तो सुधारूं द्या.' अधिकारी नकार देतो. तुमचें जग खरें आणि आमचें खोटें, हें कोणीं ठरविलें? या जगांतहि माणसें जन्मलीं आहेत, त्यांना मिटविण्याचा अधिकार तुम्हांस नाहीं. नायकांना वेगवेगळ्या गांवीं, परस्परांस न भेटण्याच्या अटीवर, सामान्य आयुष्य जगावें लागतें. आठ वर्षांच्या कथेचा सूर येथें पुन्हा लागतो. आपल्या सत्याला दुसऱ्याची संमति लागते, हें पात्रांना ऐकून घ्यावें लागतें. बालच्या आक्रमणामुळें पुढें सर्व पूर्ववत् होतें खरें, पण तो प्रश्न अनुत्तरित राहतो, आणि तें बरें झालें.

सेनापति हॅमंडची भूमिका करणारे डॉन डेव्हिस या चित्रपटांत अखेरचे दिसतात. तबकडी विक्रीस येण्याच्या बरोबर एक महिना आधीं, २९ जून २००८ रोजीं, ते वारले.

तिसऱ्या चित्रपटाचीहि योजना होती. परंतु दोन-तीन वर्षांत तबकड्यांचा बाजार ओसरला, आणि २०१० च्या नोव्हेंबरांत एम्‌जीएम्‌ कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज केला. २०११ च्या एप्रिलांत राइट यांनीं चित्रपटांचा बेत रहित झाल्याचें सांगितलें. तबकडीच्या दुकानांत ज्या फळीवर हे दोन चित्रपट शेजारीं शेजारीं उभे असत, ती फळी पुढें लवकरच नाहींशी झाली.